टाकीवरची लाख

त्या साली माझ्या थोरल्या भावाला लाखेचं वेड लागलं होतं.

हैदराबाद राज्याची वाटणी ठरली होती. मराठी जिल्हे मुंबईला, कानडी म्हैसूरला, तेलुगू इथल्या इथं. माणसं वाटणं सोपं, माणूस आपल्या पायानं चालत जातो. कागद जात नाही. भाऊ माल कचेरीत, म्हणजे महसुलात होता. मराठी जिल्ह्यांचे कागद वेगळे काढायचे, लाल फडक्यात बस्ता बांधायचा, गाठीवर लाख वितळवून ओतायची आणि वर पितळी मोहोर दाबायची, एवढंच त्याचं काम. संध्याकाळी चिक्कडपल्लीला घरी आला की अंगाला जळक्या लाखेचा वास. मोहोर खिशातच असायची. पुढं पुढं घरातही सुचेल त्यावर लाख लावायला लागला. तुपाच्या डब्यावर मोहोर. लोणच्याच्या बरणीवर मोहोर. कुणी किती खाल्लं ते याला कळलं पाहिजे. माझी बायको हळूच म्हणायची, "जेवण झालं की भावजींच्या तोंडावर पण एक बसवा."

भाऊ उर्दू शाळेत शिकलेला. मी चौथीत मास्तराची छडी हिसकावून मोडली आणि घरी आलो, परत गेलो नाही. त्याचं मला काही वाटत नाही. भावाला मात्र जन्मभर वाटत राहिलं, आणि ते तो मला रोज दोन वेळा सांगायचा.

माझ्याकडं जीप होती. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली, अमेरिकन. घर एकत्र, वडील गेलेले, म्हणून कागदावर मालक भाऊ. चालवणारा, धुणारा, तिच्याखाली पाठ भाजून घेणारा मी. तलावावर जाणारे इंजिनियर, जमिनी तपासणारे गिरदावर, वरातीतले नवरदेव, सगळे मी वाहिले. मलकपेठच्या रेसकोर्सातला घोडा तेवढा कधी बसवला नाही.

एका रात्री जेवताना भावानं विषय काढला.

"गाडी मोडायची," तो म्हणाला. "तिचं इंजिन काढून गावी विहिरीवर बसवायचं. मोट बंद. तू इंजिनापाशी राहायचं."

"आणि दादा, तुम्ही?"

"माझी बदली औरंगाबादला."

म्हणजे हा औरंगाबादला खुर्चीत आणि मी उदगीरच्या पलीकडं, वडिलांच्या विहिरीच्या काठावर, इंजिनाला राखण.

"कशापायी?"

"पेट्रोल किती पिती ती! म्हैस पाणी पिती तशी पिती. तू वाहतोस दुसऱ्याला, खाती ती तुला."

"विहिरीवर काय ताक पिणार हाये का?"

"तिथं रॉकेलवर चालवू. आणि तोंड सांभाळून बोल."

आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी बोलत नाही, दीरही तिच्याशी बोलत नाही. डोईवर पदर, वाढणं दाराआडून. सांगणं अगदी गरजेचंच असलं तर मधल्या कुठल्यातरी वस्तूला सांगायचं. त्या रात्री स्वयंपाकघरातून आवाज आला, "तांब्या, विचार बाबा, विहिरीवर इंजन बसलं की पाणी आपल्या पायानं घरात यील का? का डोक्यावरनं वाहायला कुणी लागंल?"

भाऊ तांब्याकडं बघत म्हणाला, "तांब्यानं यात पडू नये."

मी ताट सारलं. म्हटलं, "गाडी कमी प्यायला लागली तर?"

"ती मेल्यावर पिणार नाही."

"मी तिला कमी प्यायला लावतो."

तो हसला. त्याचं हसणं मला अजून आठवतं आणि अजून राग येतो. नाकातून हसायचा, अर्जदाराला हसल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागलो. जीपची चारही चाकं जोर लावू शकतात. मागच्यांना एका लोखंडी दांड्यानं इंजिनाचा जोर जातो, पुढच्यांना दुसऱ्या. त्या दांड्याला शाफ्ट म्हणायचं. पुढची चाकं जोर लावोत न लावोत, तो पुढचा शाफ्ट आपला फिरतच राहतो, फुकटचा. घरात अशी माणसं असतात. मी ठरवलं, पहिला हा काढायचा.

पाने मागायला जामबागेतल्या मिस्त्रीकडं गेलो. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"क्या जी, चार पावां का जानवर है, दो पावां काटको दौड़ाते क्या? नक्को करो."

"आपकू पूछा मैं? पाना देओ."

"लंगड़ी हुई तो मेरे दरवाजे पे नक्को लाना."

"नई लाता." आणि नाही नेली. पुढं कधीच नेली नाही. पाना मात्र त्यानं फेकला तसा मी परत फेकला.

शाफ्ट निघाला. पुढच्या चाकांच्या तोंडावरच्या तबकड्याही काढल्या, म्हणजे चाकं नुसती मोकळी फिरतील, आतलं काही ओढणार नाहीत. लष्करी टायर, बोटबोट खाचांचे, रस्त्याला चिकटून चालायचे. ते काढून मोटारीचे साधे अरुंद टायर घातले आणि हवा एवढी भरली की चापट मारली तर घागरीसारखा आवाज यावा. कार्बोरेटरात पेट्रोल ज्या बारीक तोंडातून येतं ते कथलानं बुजवलं आणि सुईनं पहिल्याहून बारीक पाडलं. ते तीन वेळा बिघडलं, चौथ्यांदा जमलं. पंख्याची दोन पाती उतरवली. वरचं कापड, मागचं बाक, बाजूचा डबा, कुदळ-फावडं अडकवायच्या कड्या, जे जे तक्रार करणार नव्हतं ते सगळं काढून टाकलं. पुढची काच बॉनेटवर पालथी पाडली, वारा कापायला.

मग मलकपेठला नेली. सोड्याच्या बाटलीत पेट्रोल भरलं, बाटली उंच टांगली आणि रबरी नळीनं थेट कार्बोरेटरला जोडली. बाटलीच्या बुचाला वरून एक भोक पाडावं लागतं. वरून हवा आत गेली नाही तर खालून पेट्रोल उतरत नाही, हे तान्ह्या पोराच्या दुधाच्या बाटलीचंच शास्त्र आहे. रेसकोर्सच्या भिंतीला लागून चालवत निघालो. शाफ्ट काढायच्या आधी एवढ्याच पेट्रोलवर गाडी जिथं मेली होती तिथं मी भिंतीवर विटकरीनं फुली मारली होती. ती फुली आली, मागं गेली, आणि गाडी चालतच राहिली. पहारेकरी ओरडला, "दिवार के साथ साथ कैकू घूमरा बे?" मी तसाच भिंत धरून पुढं गेलो. भिंत संपली तेव्हा गाडी मेली.

घरी येऊन भावाला सांगितलं. तो म्हणाला, "बाटलीवर गाडी चालवायलास, उद्या वाटीवर चालवशील."

"मग मोठ्या टाकीवर बघा."

तिथंच पैज लागली. अटी त्यानं घातल्या, तो कचेरीतला माणूस. टाकी तोंडोतोंड भरायची. झाकणावर त्याची मोहोर. दसऱ्याला गावी जायचं, सोनं वाटायचं, आणि त्याच पेट्रोलवर चिक्कडपल्लीला परत. "आलास तर गाडी तुझी अन् हैदराबाद तुझं. मधे अडकलास, का तू मोहोर तोडलीस, तर इंजिन विहिरीवर अन् तू इंजिनापाशी. मग तक्रार नको."

"तक्रार कचेरीवाले करतात," मी म्हटलं.

खंडेनवमीला बायकोनं जीपची पूजा केली. बाजेखाली पडलेला शाफ्टही ओढून बाहेर काढला, पुसला, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. भाऊ म्हणाला, "मेलेल्याला हार घातला का?" म्हणजे मला म्हणाला. तिच्याशी त्याला बोलता येत नव्हतं ना.

दसऱ्याच्या पहाटे टाकी भरली. या जीपची टाकी चालवणाऱ्याच्या बैठकीखाली असते. गादी उचलायची, खाली झाकण. भावानं मेणबत्तीवर लाख धरली. मी पाठ फिरवून रेडिएटरपाशी जाऊन उभा राहिलो. चोरावर नजर ठेवावी तशी हा माझ्यावर ठेवणार, आणि मी ते उभं राहून बघू काय? मागून लाखेचा वास आला, मोहोर दाबल्याचा आवाज आला. "झालं," तो म्हणाला. मी न बघता गादी टाकली आणि तिच्यावर बसलो.

मागं शेंदरी लुगड्यात बायको, मांडीवर गावच्या देवीचा नारळ आणि शिदोरीचं गाठोडं. बाक मी काढून टाकलं होतं, म्हणून ती पोत्यावर बसली. माझ्या शेजारी भाऊ. काच पाडलेली, वारा थेट तोंडावर. लिंगमपल्ली यायच्या आत त्याची काळी टोपी उडाली. मी गाडी थांबवली नाही. थांबून निघायला किती पेट्रोल लागतं हे मला ठाऊक होतं. "टोपी!" तो ओरडला. "सोनं वाटायला टोपी लागत नाही," मी म्हटलं. मग त्यानं डोक्याला उपरणं बांधलं आणि कानकोंडा होऊन बसला.

उतार लागला की मी गियर काढायचो. गाडी आपल्या वजनानं पळायची, वाऱ्याशिवाय आवाज नाही. तेव्हा मला वाटत होतं, आपण जिंकलो.

संगारेड्डीच्या पुढं इंजिन खोकलं. दोनदा खोकलं आणि मेलं. भावानं आभाळाकडं बघितलं. मी उतरून कार्बोरेटर उघडला, बारीक तोंड फुंकून काढलं. तेवढ्यात भाऊ झाडाआड जाऊन आला. कळ दाबली, गाडी चालू. मला वाटलं, कचरा असंल. सदाशिवपेठ ओलांडलं, परत तेच. परत फुंकलं, परत चालू, पण या वेळी आधीच्यापेक्षा लवकर मेली. तिसऱ्यांदा त्याहून लवकर. प्रत्येक वेळी भाऊ नुसतं नाकातून हसायचा. जहिराबाद मागं पडलं आणि तांबड्या माळावर, जिथं एक बाभळ सोडून सावली नाही, तिथं ती कायमची थांबली.

इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाची काचेची वाटी कोरडी होती. पेट्रोल येतच नव्हतं.

"संपलं," भाऊ म्हणाला. "गावसुद्धा आलं नाही. बैलगाडी बघ."

मी जीप दोन्ही हातांनी धरून हलवली. खालून खळखळ आवाज आला. "ऐका. हे काय तुमच्या पोटात वाजतंय?"

"तळाचा गाळ."

मग माझ्या डोक्यात मलकपेठची बाटली आली. बुचाचं भोक. टाकीच्या झाकणालाही तसंच एक भोक असतं, टाचणीएवढं, हवा आत जायला. मी गादी उचलली. झाकणावर लाखेची ही भाकरी! गाठ झाकायची तशी त्यानं सगळं झाकण काठासकट झाकलं होतं. पेट्रोल खाली जात होतं, वरून हवा यायला जागा नव्हती. थांबलं की कुठूनतरी थोडी हवा शिरायची, तेवढीच ती चालायची. ऊन वाढलं तशी लाख नरम होऊन फटीत उतरली असंल, तीही वाट बंद.

"दादा, भोक बुजवलंत तुम्ही. लाख काढा."

"मी कशाला काढू? तुला काढायची तर काढ. अट माहीत आहे."

"हवा नाही जात तिथनं!"

"वा! आता हवेला दोष. पेट्रोल संपलं म्हण की."

माझ्या हातात पाना होता. एक ठोका, की लाख फुटली असती. आणि मी फोडली, की मी हरलो. तोही लाखेला हात लावेना, कारण लावला तर पैज त्यानं मोडल्यासारखी झाली असती. मी पाना रस्त्यात टाकला आणि बाभळीच्या अलीकडं जाऊन बसलो. तो पलीकडं बसला. मधे खोड. पाठी एकमेकांकडं. त्या झाडाला सावली ती केवढी, दोघांना पुरत नव्हती, पण सरकणार कोण?

एक बैलगाडीवाला थांबला. "ओढू का?" म्हणून विचारलं. भाऊ म्हणाला, ओढ. मी म्हटलं, बैलांना हात लावलास तर बघ. तो दोघांकडं बघून निघून गेला.

"इथं बसून मरणार का तू?" भाऊ झाडामागून.

"तुम्ही आधी."

"परवा कचेरी आहे माझी."

"बस्त्यांना सांगा, साहेब माळावर आहेत."

असं किती वेळ चाललं मला माहीत नाही. मग मागून टक्, टक् आवाज आला, आणि त्यामागून एक लांब फुस्स, कुणी मोठा उसासा टाकावा तसा. आम्ही दोघंही वळलो. बायको जीपपाशी उभी होती, डोईवर पदर, हातात पानाच्या चंचीतला अडकित्ता. गादी उचललेली. लाखेचे तुकडे बैठकीवर पडले होते.

भाऊ उठला. तोंड उघडलं. आणि तसाच उभा राहिला. बोलणार कुणाला? भावजयीला तो बोलू शकत नव्हता. आयुष्यात बोलला नव्हता. शेवटी तो बाभळीला म्हणाला, "मोहोर फुटली."

बायकोही बाभळीलाच म्हणाली, "बाभळी, उन्हानं फुटली असंल म्हणावं."

"उन्हानं लाख वितळती म्हणावं. फुटत नसती."

"मग बाभळी, मोहोर ज्यांची त्यांना ठाऊक, म्हणावं. धाकल्यांनी तर हात लावला नाही. इथनं दिसत होतं."

भावानं डोक्यावरच्या उपरण्याची गाठ सोडून परत बांधली. अट त्यानंच घातली होती, मी तोडली तर. मी तर तोडली नव्हती. मी अंगठा झाकणाच्या भोकावर फिरवला, काडीनं उरलेली लाख काढली, कळ दाबली. जीप पहिल्या फटक्यात चालू झाली. बायको पोत्यावर जाऊन बसली आणि नारळ मांडीवर घेतला. भाऊ बराच वेळ खाली उभा होता. मी इंजिन बंद केलं नाही, पण "बसा" असंही म्हटलं नाही. शेवटी बसला.

गावी सोनं वाटलं. मला आपट्याचं पान देताना तो दुसरीकडं बघत होता. मीही त्याच्या पाया पडलो ते वडिलांच्या फोटोकडं बघत. मुक्कामाला त्यानं बाज जीपला लावून टाकली आणि तिच्यावर झोपला, मी टाकीत चोरून ओतीन म्हणून. बरं झालं. परत येताना त्याला तेही तोंड उरलं नाही.

परतीला बीदरच्या चढावर मी गाडी अशी चालवली की शेजारून सायकलवाला पुढं गेला. भावानं तेही सुनावलं. सुनावू दे. जहिराबाद आलं, बाभळ आली, कुणी तिच्याकडं बघितलं नाही. चिक्कडपल्लीच्या चौकात भाजीवाल्या उठायच्या वेळेला आम्ही पोचलो. भावानं निंबाची काडी मोडून टाकीत घातली, बाहेर काढली. टोकाला ओली होती.

"मोहोर कुठाय?" तो म्हणाला.

"लाख तुमची. शोधा तुम्ही."

तो आत गेला. त्या रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीतून आला तेव्हा म्हणाला, "गाडी ठेव." मी जिंकलो हे तो म्हणाला नाही. मरेपर्यंत म्हणाला नाही. "पण जे काढून टाकलंस ते तुझ्या कामाचं नाही. ते मी नेतो."

"न्या."

बाजेखालचा शाफ्ट त्यानं स्वतः ओढला. झेंडूची माळ वाळून तशीच होती, ती तोडली. लाल फडक्यात शाफ्ट गुंडाळला, सुतळी बांधली, दोन्ही टोकांना लाख ओतली आणि मोहोर मारली. जणू सरकारी कागद. मी उंबऱ्यात उभा राहून बघत होतो, या वेळी पाठ फिरवली नाही. वाटणीचा दिवस आला तेव्हा तो सामान घेऊन निघाला. मी गाडीतून सोडतो म्हणालो नाही, त्यानं विचारलं नाही. टांगा केला. शाफ्ट टांग्याच्या बाहेर हातभर आला होता.

आमचे कितीतरी सोयरे तेव्हा गेले. जाताना मला म्हणाले, इथं राहून तेलंगा होशील. झालो तर झालो. त्यांच्या पोरांचं तिकडं काय झालं ते मी विचारायला गेलो नाही. जीप मी दोनच चाकांवर चालवली, ती भंगारात जाईपर्यंत. पावसाळ्यात कितीदा चिखलात अडकली, लोक म्हणायचे, पुढची चाकं लाव की. शाफ्ट नाही म्हणायचो. दुसरा मिळत होता. घेतला नाही.

ते भोक भावानं मुद्दाम बुजवलं असं मी म्हणतो. बायको शेवटपर्यंत म्हणायची, "त्यांना काय ठाऊक, झाकणाला भोक असतं ते? बस्त्याला कुठं भोक असतं?" जिनं मला हैदराबादेत ठेवलं ती त्याची बाजू घ्यायची. यावरून आमची भांडणं झाली, बायको गेली तरी माझं म्हणणं तेच आहे.

भाऊ वारला तेव्हा गावी गेलो. विहिरीवर शाफ्ट होता. त्यानं तो मोटेच्या चाकाचा आस म्हणून आडवा घातला होता, दोन दगडी खांबांवर. इंजिन कधी बसलंच नाही. मधोमध, जिथं चाक फिरायचं, तिथं लोखंड झिजून आरशासारखं झालं होतं. दोन्ही टोकांना खाचेत अजून लाखेचे काळे कण होते.

पुतण्या म्हणाला, "काका, आता बोअर पाडलाय. हे तुमचंच आहे ना? घेऊन जा की."

मी म्हटलं, "मोहोर लावून नेलं होतं त्यानं. मोहोर तुटलेली वस्तू मी घेत नाही."